चुंबकावरून सुटलेली लादी

१

दाजी गेले ते त्यांच्याच मेव्हण्याच्या हातून, याबद्दल यार्डात कुणाच्याही मनात शंका नव्हती. असणार कशी? मेव्हण्यानं स्वतःच तसं सांगितलं होतं.

"मी करंट तोडला. माझ्या हातून झालं," क्रेनची शिडी उतरताना तो म्हणाला. पुढं पोलिसांनी फिरवून फिरवून विचारलं, तरी त्याचं हेच एक पालुपद. शेवटी त्यांनाही कंटाळा आला आणि त्यांनी त्याला आत टाकलं.

क्रेनवाल्याच्या बहिणीचा नवरा म्हणून ते त्याचे दाजी. त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्या कारखान्याचे दाजी झाले. वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना दाजीच म्हणत. यार्डात भट्टीतून आलेल्या पोलादाच्या लाद्या निवत पडलेल्या असत, पलंगाएवढ्या लांबरुंद आणि वीतभर जाड. त्या निवल्या की क्रेनला टांगलेलं भलंमोठं चुंबक खाली यायचं, करंट सुरू झाला की लादीला धरायचं आणि उचलून ट्रकवर ठेवायचं. कुठली लादी उचलायला तयार आहे हे ठरवणं दाजींचं काम. लांब काठीच्या टोकाला बांधलेलं एक लहान चुंबक ते लादीला लावून बघत. चिकटलं, की हात वर. त्यांचा हात वर गेला की क्रेनवाला दुसरा विचारच करत नसे. त्या दुपारीही हात वर गेला, लादी उचलली गेली, आणि कमरेइतक्या उंचीवरून सुटून दाजींच्याच अंगावर आली.

चौथ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांनी किसणीला बोलावलं.

किसणी म्हणजे पोलाद तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाई. प्रत्येक मालाचा थोडा कीस काढून नेत, म्हणून हे नाव. पाठीमागे, अर्थात. समोर सगळे 'बाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. याहून वाईट काही म्हणत नाहीत, यातच त्या समाधानी होत्या.

"बाई, एका ओळीचं काम आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पोलादात दोष नव्हता, एवढं लिहून द्या. प्रकरण मिटेल."

"मी ती लादी बघितलेली नाही."

"लादीत काय बघायचंय? माणूस कबूल झालाय ना!"

"मग माझी ओळ कशाला हवी?"

यावर व्यवस्थापकांनी पेनाचं टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं. बाई उठल्या आणि सरळ यार्डाकडं निघाल्या.

आभाळ राखेच्या रंगाचं होतं. ती लादी कडेला सरकवून तिच्यावर ताडपत्री टाकली होती. बाईंनी ताडपत्री उचलली. निवलेल्या लादीवर कढईच्या बुडासारखी काळी खपली असते; शेजारच्या सगळ्या लाद्यांवर ती होती. या लादीचा वरचा भाग मात्र खरवडल्यासारखा उघडा होता. करडा, नितळ, आणि जागोजागी केसासारख्या बारीक चिरा गेलेला.

"पडल्याच्या हादऱ्यानं झडली असणार खपली," मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी लादी जिथं पडली ती जागा बघितली. तिथं खपलीचे चारदोन तुकडे होते. मग लादी जिथून उचलली होती तिथं त्या चालत गेल्या. तिथं पायाखाली चुरचुर आवाज झाला. खपलीचा सडा पडला होता.

म्हणजे लादी हलायच्या आधीच तिची साल निघालेली होती.

२

मागून बोलणारा माणूस वायरमन होता. सगळे त्याला झटक्या म्हणत. विजेचा झटका त्याला आजवर बसला नव्हता, पण कुणी हाक मारली तरी तो दचकायचा. या चार दिवसांत त्याचं दचकणं फारच वाढलं होतं.

"तू का घाबरतोयस?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला घाबरू?" असं म्हणून त्यानं आजूबाजूला बघितलं. "खरं सांगू का बाई? चुंबकाची केबल मीच जोडून दिली होती, आदल्याच आठवड्यात. लादी पडली तेव्हा मला आधी तो जोडच आठवला. म्हटलं, गेलो. माझाच जोड सुटला. पण तो खाली उतरला आणि म्हणाला मी करंट तोडला. वाईट वाटतंय सांगायला, पण माझा जीव भांड्यात पडला."

"तू तेव्हा कुठं होतास?"

"पॅनेलपाशी. धावत आलो. दाजी खाली अडकलेले. आम्ही पहारी घेतल्या, लादी उचकटायला. तर काय, माझ्या हातातली पहार खाडकन वर! आम्ही वाकलेलो, डोक्याशीच चुंबक लटकत होतं ना, त्याला जाऊन चिकटली. मी वर बघून ओरडतोय, अरे बंद कर, बंद कर, तर हा आपला पुतळ्यासारखा बसलेला. शेवटी मीच पळत जाऊन मेन स्विच पाडला. तेव्हा कुठं पहार सुटली."

बोलता बोलता झटक्या थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच आता ऐकू आलं होतं.

"म्हणजे चुंबक चालू होतं," बाई म्हणाल्या.

"दणकून चालू होतं."

"तुझा जोड धड होता. आणि त्यानं करंट तोडलाच नव्हता."

"मग तो असं का म्हणतोय?"

बाई वर क्रेनच्या केबिनकडं बघत होत्या. केलेला गुन्हा नाकारणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. न केलेला कवटाळून बसणारा हा पहिलाच.

३

पाळीवरचे साहेब आपल्या काचेच्या खोलीत बसून चहा पीत होते. साहेबांची एक सवय होती. समोरचा काही विचारायच्या आधीच ते उत्तर द्यायला लागत.

"दोघं बोलत नव्हते एकमेकांशी, हे लिहून घ्या," ते म्हणाले. "महिना झाला असेल. दाजींनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, घाई करतोस म्हणून. त्यानं तोंड फिरवलं. पोलिसांना मी हे सांगितलंय. चूक की मुद्दाम, ते आता त्यांनी ठरवावं."

बाईंनी काहीच लिहून घेतलं नाही. हातून चूक झाल्याची शिक्षा वेगळी आणि मुद्दाम केल्याची वेगळी. साहेबांनी एका वाक्यात एका माणसाला कुठल्या कुठं नेऊन ठेवलं होतं.

"लादी पडताना तुम्ही बघितली?"

"या काचेतून. आधी एक टोक सुटलं, ती तिरकी लोंबली, मग आली खाली."

"करंट तोडला की लादी सपाट पडते, साहेब. सगळीकडून एकदम."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"यार्डात लाद्यांवर पाणी मारतात का?" बाईंनी खडा टाकून पाहिला; खपली अशी उडते ती तापलेल्या लादीवर पाणी पडलं तर.

"छे! आगीचा नळ आहे तो, आगीसाठीच." मग जरा थांबून, "पातळ पत्र्यांवर मारतात कधीमधी, गाडी खोळंबली असेल तर. आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो. पत्रा काय, पाणी पडलं की आरपार निवतो. लादीवर कोण मारेल? वेड लागलंय का कुणाला?"

"त्या दिवशी गाडी खोळंबली होती?"

"होती. आणि म्हणूनच मी दाजींना सोडलं नाही." साहेब आता बाईंकडं न बघता बोलत होते. "लवकर जायचं म्हणत होते. त्यांनाही आणि मेव्हण्यालाही. घरचं काहीतरी होतं. मी म्हटलं, शेवटची लादी गाडीवर चढवा आणि जा. यात माझं काय चुकलं?"

"तुम्ही स्वतः नळ सोडला नाहीत ना?"

"बाई!" साहेब एवढ्यानं ओरडले की बाहेरची दोन माणसं वळून बघायला लागली. "गाडीवाल्याला विचारा! तो इथं माझ्यासमोर बसला होता, माझं डोकं खात!"

गाडीवाल्यानं ते खरं असल्याचं सांगितलं. साहेब जागचे हलले नव्हते.

म्हणजे नळ सोडणारा बाहेर यार्डात होता. आणि क्रेनच्या केबिनमधून सगळं यार्ड ताटातल्यासारखं दिसतं. वरच्या माणसानं त्याला बघितलं होतं, आणि त्याच्यासाठी तो तुरुंगात जायला तयार होता.

४

दाजींचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार दाजींच्या बायकोनं, क्रेनवाल्याच्या ताईनं, उघडलं. तिच्या गळ्याला पट्टी होती.

"मोठ्यानं बोलता येत नाही," ती कुजबुजली. "ऑपरेशन झालंय."

"कधी?"

"त्याच दुपारी."

बाई खुर्चीवर बसल्या. खोली नीट आवरलेली होती, जरा जास्तच. दाराशी पुरुषाच्या चपला जिथं असायच्या तिथं फरशीवर फिकट चौकोन दिसत होता.

"गळ्यात गाठ होती," ताई म्हणाली. "मला फार भीती वाटत होती. भूल दिली की मी उठणारच नाही, असं मनानं घेतलं होतं. मी सकाळी यांना म्हटलं, आत न्यायच्या आधी मला एकदा दिसा. भावालाही म्हटलं. दोघंही म्हणाले, येतो. मी सारखी दाराकडं बघत होते. नर्स म्हणाली, आता थांबता येणार नाही." ती श्वास घ्यायला थांबली. "जागी झाले तेव्हा शेजारी शेजारीण बसलेली. तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं मला."

"भावाला भेटलात?"

"तो मेला माझ्यासाठी." कुजबुजीतही तो शब्द चाबकासारखा आला. "यांनी त्याला हाताला धरून कारखान्यात लावलं. यांनी काम शिकवलं. आणि दोन शब्द बोलले म्हणून त्यानं... बाई, सगळे म्हणतात, मुद्दाम केलं असेल. खरं असेल का हो?"

उत्तराची वाट न बघता ताई उठली आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आली.

"त्यांचे कपडे. दवाखान्यातून दिले. मी धुतले नाहीत अजून, धुववत नाहीत. तुम्हाला एक विचारू? ही पँट मला मिळाली तेव्हा गुडघ्यापर्यंत ओली होती. बूट तर गच्च भिजलेले. वर सगळं कोरडं, करपलेलं. त्या दिवशी कडकडीत ऊन होतं. हे पाणी कुठलं?"

बाईंनी पँटचा काठ चिमटीत धरला. पाणी वाळून गेलं होतं, पण शिवणीत काहीतरी टोचत होतं. त्यांनी ते नखानं काढून तळहातावर घेतलं. काळ्या खपलीचा बारीक तुकडा होता तो.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या. जिना उतरताना तो तुकडा त्यांच्या मुठीत होता.

५

क्रेनवाला कोठडीच्या भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. बाईंना बघून तो उठला, कारण बाईंसमोर बसून राहायची त्याला सवय नव्हती.

"करंट तोडला म्हणालास. मग वायरमनची पहार कशाला चिकटली?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मग मीच बोलते. चुकलं तर सांग. लोखंड फार तापलेलं असलं की चुंबक त्याला धरत नाही. लाल लादीला काठी लावणं आणि दगडाला लावणं सारखंच. निवत निवत ती एका ठराविक उष्णतेच्या खाली आली की मग धरतं. म्हणून तर दाजींची काठी. पण त्या दिवशी निवेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. लादीवर पाणी मारलं गेलं. वरची खपली तडतडून उडाली, वरचा थर काळा पडला, काठी चिकटली. मोठ्या चुंबकानंही लादी धरली, पण धरली ती त्या वरच्या थरानं. पोटात ती रसरसलेलीच होती. काठी वरच्या कातडीला विचारते, पोटाला नाही. लादी हवेत असताना आतली धग वर आली. वरचा थर पुन्हा तापला आणि चालू चुंबकाखालून लादी सुटली. जिथं पाणी कमी पडलं होतं ते टोक आधी."

क्रेनवाल्यानं डोळे मिटून घेतले.

"पत्र्यावर पाणी मारायची तुमच्या यार्डाची सवय. पत्र्याला ते चालून जातं. लादीला चालत नाही, हे दाजींना एरवी कळलं असतं. त्या दिवशी त्यांचं चित्त दवाखान्यात होतं. पाय गुडघ्यापर्यंत भिजले ते त्यांचे. नळ त्यांनी सोडला. तुझ्या दाजींनी."

"हळू बोला," तो म्हणाला. जणू ताई भिंतीपलीकडंच होती. "बाई, तुमच्या पाया पडतो, हे तिला सांगू नका."

"तू मुद्दाम मारलंस असं ठरलं तर काय होईल, कळतंय का तुला?"

"कळतंय. पण तिला हे कळलं की ते तिच्यासाठी पळत होते, तर ती एक घास गिळणार नाही. मी बोलावलं म्हणून गेले, असंच म्हणत बसेल मरेपर्यंत. त्यापेक्षा माझा राग करू दे. रागावर माणूस जगतं, बाई."

"आणि तू?"

तो खाली बसला. आता त्याला बाईंसमोर बसायची लाजही उरली नव्हती.

"मी वरून सगळं बघत होतो. नळ, पाणी, वाफ. मला कळत होतं की हे बरोबर नाही. क्रेनची घंटा वाजवायची होती मला. पण मलाही जायचं होतं. आणि आम्ही बोलत नव्हतो. म्हटलं, मी काही म्हणालो तर म्हणतील, आता तू मला शिकवणार? त्यांनी हात वर केला आणि मी उचलली. उचलल्यावर कडा लाल होताना दिसली. तेव्हा वाजवली घंटा. त्यांना वाटलं, मी घाई करतोय. त्यांनी लादी वळवायची लोखंडी आकडी घेतली आणि लादीला धरून चालायला लागले." त्यानं तोंड पुसलं. "मग माझ्याच हातून झालं ना? खोटं काय बोललो मी?"

बाईंनी शिपायाला दार उघडायला सांगितलं.

६

सांगावं की सांगू नये, याचा विचार करत त्या पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेल्या. सगळी वाट त्यांचं मन हो-नाही करत होतं. दार उघडताच ताईनं विचारलं, "कुठलं होतं पाणी?"

आणि बाईंनी सांगून टाकलं. काही गाळलं नाही. साहेबांनी सोडलं नाही तेही, आणि मेव्हण्यानं घंटा उशिरा वाजवली तेही.

ताई रडली नाही. तिनं कपड्यांची पिशवी मांडीवर घेतली. खाली कुणाचंतरी मूल जिन्यात चेंडू आपटत होतं.

"म्हणजे मी बोलावलं म्हणून," ती म्हणाली.

"असं नका म्हणू. साहेबांनी..."

"समजावू नका, बाई." तिनं हात वर केला. "यांनी माझ्यासाठी घाई केली. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं. मला काय सोसेल आणि काय नाही, हे दोघांनी आपापलं ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं का?"

बाईंची मान खाली गेली. वाटेत त्याही तेच ठरवत आल्या होत्या.

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी बाईंचं सगळं शांतपणे ऐकलं. मग ते ताईकडं वळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्हाला कळतंय ना ताई? हे असं नोंदवलं, की चूक तुमच्या नवऱ्यावर लागेल. यार्डातला सगळ्यात सावध माणूस म्हणून लोक त्यांचं नाव घेतात. उद्यापासून त्यांच्यामुळं झालं असं म्हणतील. त्यांना आता काही सांगताही येणार नाही."

"माहीत आहे." ती टेबलावर वाकली, आपली कुजबुज त्यांना नीट ऐकू जावी म्हणून. "लिहा. लादीवर पाणी माझ्या नवऱ्यानं मारलं. दवाखान्यात माझ्याकडं लवकर यायचं होतं म्हणून मारलं. आणि साहेबांनी त्यांना सोडलं नाही, तेही लिहा. माझ्या भावानं करंट तोडला नाही. मेलेल्या माणसाचं नाव जपायला मी जिवंत माणूस देणार नाही."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. खाली बाईंनी सही केली. पोलादात दोष नव्हता, हेही त्यांनी लिहिलं, आणि दोष कुणाकुणाचा होता तेही.

क्रेनवाल्याला बाहेर आणलं तेव्हा त्यानं ताईला बघितलं आणि तो दारातच थांबला.

"ताई, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ऐकलं मी." ती त्याच्याकडं बघत नव्हती. "चार दिवस मी तुला शाप दिले. नको नको ते बोलले. नवरा गेला होता, त्यात तू मला भावालाही पुरायला लावलंस. हे मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

"नाहीच विसरणार."

ठाण्याच्या पायऱ्या उंच होत्या. त्यानं आधाराला हात पुढं केला. तिनं तो धरला नाही, कठड्याला धरून एकटी उतरली. बाई मागंच थांबल्या. या दोघांत आता तिसऱ्याचं काम नव्हतं. खाली रस्त्यावर पोचल्यावर ताई थांबली, मागं वळली, आणि तो उतरून तिच्या शेजारी येईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग दोघं एक शब्दही न बोलता घराच्या दिशेनं चालायला लागली.